सर्व्हरमधल्या घरांना कडी लावताना

आमच्या बियाण्यांच्या कंपनीत एकच खोली थंडगार होती आणि ती माणसांसाठी नव्हती. जालन्याच्या उन्हात भलेभले साहेब पंख्याखाली मान पुसत बसायचे आणि जिन्याखालच्या त्या खोलीत एक काळा डबा एसीची हवा खात रात्रंदिवस घुमत असायचा. तो आमचा सर्व्हर. त्याची राखण माझ्याकडे होती.

मी आष्टीची. या कंपनीत टाइपिस्ट म्हणून लागले तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द आम्ही फक्त पेपरात वाचायचो. पुढे टाइपरायटर अडगळीत गेले, टेबलांवर कॉम्प्युटर आले आणि "या बाईंची बोटं चालतात, तर यांनाच शिकवा" असं वर कुणीतरी ठरवून टाकलं. औरंगाबादला एसटीने जाऊन-येऊन मी शिकले. बाकी नोकरीत बढती कधी मिळाली आणि पगार किती वाढला, हे वाचण्यात कुणाला रस असेल असं वाटत नाही. मलाच नाही. त्या खोलीत मी जे पाहिलं, त्यातलं थोडं सांगते.

दुपारचा डबा खाऊन झाला की मी तिथे स्टुलावर जाऊन बसायची. कारण काम, हेतू गारवा. डब्याची घुमघुम एका सुरात चालायची, डोळे आपोआप जड व्हायचे, आणि समोरचे बारीक हिरवे दिवे विझत-पेटत राहायचे. ऑफिसात कुणीही सर्व्हरवरची फाइल उघडली की दिवा हलायचा. अर्ध्या झोपेत मला वाटायचं, या डब्यात एक गल्ली आहे. समोरासमोर घरं आहेत, ऊन नाही, धूळ नाही, आणि माणसं हातात काहीबाही घेऊन या घरातून त्या घरात जात आहेत. दिवा हलला की मी मनात म्हणायची, गेलं बाई कुणीतरी कुणाकडे.

हे सगळं स्वप्नच होतं असं नाही. सर्व्हर म्हणजे ऑफिसचं सामाईक कपाट. आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर बिघडला तरी काम बुडू नये, म्हणून सगळ्यांच्या फाइली त्यात ठेवायच्या. त्यात प्रत्येकाच्या नावाचा एक कप्पा असतो आणि त्याला इंग्रजीत होम म्हणतात. मी घर म्हणायची. औरंगाबादहून आलेल्या इंजिनिअरने डबा बसवला, सगळ्यांची घरं काढली आणि संध्याकाळच्या गाडीने तो निघाला. जाताना मी विचारलं, "अहो, मी माझ्या जागेवरून कुणाचंही घर उघडू शकते. हे असंच असतं का?"

"डिफॉल्ट आहे मॅडम. ऑफिसातलीच माणसं ना सगळी? चालू गाडीला हात लावू नका."

डिफॉल्ट हा शब्द मला तेव्हा नवा होता. पुढे नोकरीभर मी त्याचा अर्थ नव्या लोकांना समजावत आले. कुणी विचारच केला नाही तर जे आपोआप चालू राहतं, ते डिफॉल्ट. आमच्या सर्व्हरवर कुणीही कुणाच्या घरात जावं, बघावं, ठेवावं, उचलावं, हे असं आपोआप चालू होतं.

आणि खरं सांगू? फार गोड चाललं होतं. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. भाजी आली तर वाटीत निदान दोन लाडू, तेही नसले तर चिमूटभर साखर घालून द्यायची. ही सवय माणसांनी सर्व्हरमध्ये आणली. कुणी कुणाच्या घरात फाइल बघायला गेलं की मोकळ्या हातांनी यायचं नाही. तिथे काहीतरी ठेवून यायचं. गणपतीचं चित्र, एखादा विनोद, नातवाचा फोटो. आमच्या ड्रायव्हरने आपल्या बैलाचा फोटो स्कॅन करून घेतला आणि तो घरोघर वाटला. साहेबांच्या घरातही बैल गेला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "सर, हा मान आहे. काढू नका." त्यांनी नाही काढला. दिवाळीत बाहेरगावच्या व्यापाऱ्याला दर पाठवताना चुकून तोच बैल गेला आणि त्या व्यापाऱ्याचा उलट फोन आला की जनावर चांगलं आहे, कितीला देता? ड्रायव्हर दोन दिवस हवेत होता.

या येण्याजाण्यात सगळ्यात उत्साही होते हिशेब खात्यातले दाभाडे. ऑफिस त्यांना दादा म्हणायचं. हसनाबादच्या जुन्या शेतकरी घरातले, गोरेपान, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांना वाकडं काही बघवत नसे. कुणाच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की बोलता बोलता उठून सरळ करायचे. कॉम्प्युटर उशिरा शिकले, पण एक बटण दाबलं की आकडे आपोआप चढत्या-उतरत्या क्रमाने लागतात, हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

"बघ ताई, म्या आयुष्यभर हातानं लावत आलो. अन् हे बघ, टिचकी मारली की सगळे रांगेत! बिलकुल पलटणीवानी!"

त्यांचे दोस्त होते सुदाम खरात. तेही हसनाबादचेच, त्याच शाळेतले, दादांहून चार वर्षं मागे. शिकून कंपनीत नवीन वाण काढायच्या कामावर आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. उन्हातान्हात शेतावर असायचे आणि ऑफिसात आले की चष्मा पुसत आकडे भरायचे. गावातलं कोण कसं आहे ते दोघं मधल्या सुट्टीत बोलायचे. दादा रोज खरातांच्या सर्व्हरमधल्या घरात एक चक्कर मारायचे आणि खरातही दादांच्या घरात काहीतरी ठेवून यायचे. कणसाचा फोटो, मोहराचा फोटो. मी हे बघायची आणि मला ते फार आवडायचं.

खरात कमी पाण्यावर तग धरणाऱ्या शाळूवर काम करत होते. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. अशा कामात वर्षं जातात. शेतात ओळी पेरायच्या, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा, कोणती ओळ कोरडीतही उभी राहिली ते बघायचं, कापणीनंतर प्रत्येक ओळीचे दाणे वेगळ्या पिशवीत भरून तोलायचे. चांगल्या ओळींचं बी पुढे ठेवायचं, बाकीचं एका ढिगात ओतून विकून टाकायचं. त्या साली शेतं करपली होती, म्हणजे परीक्षेला हवं तसं वर्ष. "असं साल पुन्हा लवकर मिळायचं न्हाई," खरात म्हणाले होते. हे बी पुढे न्यायचं की हे काम बंद करायचं, ते ठरवायला वरची मंडळी येणार होती.

तोललेले आकडे खरातांनी थेट कॉम्प्युटरवर भरले होते. एका बाजूला ओळीचा क्रमांक, त्यापुढे फुलोऱ्याची नोंद, त्यापुढे वजन. आकडे ओळींच्या क्रमाने होते, म्हणजे वजनं वर-खाली. दुपारी दादा नेहमीच्या चकरेवर तिथे गेले. त्यांना ती वर-खाली वजनं बघवली नाहीत. मोठी मंडळी येणार, आणि आपल्या सुदामचा कागद असा विस्कटलेला? त्यांनी वजनाचा रकाना धरला आणि लाडकं बटण दाबलं.

वजनं झरझर लागली, जड वर, हलकी खाली. ओळींचे क्रमांक मात्र जागचे हलले नाहीत. म्हणजे असं समजा की वर्गातल्या मुलांचे गुण उतरत्या क्रमाने लावले आणि नावं हजेरीचीच ठेवली. पहिला कोण? ज्याचं नाव हजेरीत पहिलं तो. दादांना कागद फार देखणा वाटला. त्यांनी तो तसाच जतन केला, छापला, एक प्रत वर 'गोदामात दिली' असं लिहून खरातांच्या टेबलावर ठेवली, आणि सुदामची एक खेप वाचावी म्हणून दुसरी स्वतः गोदामात नेऊन दिली. "हलक्या ओळी खाली हायेत. बराबर लावून दिल्यात," असं सांगून आले.

गोदामवाल्यांनी कामाला सुरुवात केली. कागदावरच्या खालच्या ओळींच्या पिशव्या एकेक करून ढिगात रिकाम्या होऊ लागल्या.

खरात शेतावरून आले आणि त्यांनी टेबलावरची एक प्रत उचलली. मी तिथे त्यांच्या प्रिंटरचा अडकलेला कागद काढत होते. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पहिली ओळ? ही तर पाखरांनी खाल्ली. ही सगळ्यात जड कशी?" मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. हातातला कागद ठेवून ते धावत सुटले. मीही मागे गेले. कशासाठी जाते ते मला माहीत नव्हतं.

गोदामात उन्हाचे पट्टे पडले होते आणि त्यात भूस तरंगत होतं. सगळं कसं संथ, सोनेरी, गाढ झोपेत बघावं तसं. ढीग मांडीएवढा झाला होता. रिकाम्या पिशव्या शेजारी घडी करून ठेवल्या होत्या. खरातांनी त्यांच्यावरचे क्रमांक बघितले. एका पिशवीपाशी थांबले. मग त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले. दाणे दाण्यांसारखे असतात, त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं. करपलेल्या शेतात शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या दोन ओळींवर त्यांची आशा होती. त्यातली एक त्या ढिगात मिसळून गेली होती. दुसरीची पिशवी अजून खुंटीवर होती.

दादा मागून हसतमुख आले. काय झालं ते कळायला त्यांना वेळ लागला. कळलं तेव्हा ते भुशातच खाली बसले.

"मला वाटलं खिचडी झालीय आकड्यांची... नीट लावून द्यावं म्हनलं. मंडळी येऊन राह्यलीत म्हनून..."

खरातांनी ढिगातला हात काढला आणि खुंटीवर उरलेल्या पिशव्या मोजायला घेतल्या.

दर शनिवारी मी सर्व्हरची एक नक्कल टेपवर काढून ठेवायची. ती मी परत चढवली. तिच्यात फुलोऱ्याच्या नोंदी होत्या, पण वजनं नव्हती, कारण ती शनिवारनंतर भरलेली. म्हणून उरलेल्या पिशव्या पुन्हा तोलायला घेतल्या. खरात पिशवी काट्यावर ठेवायचे, मी आकडा भरायची, आणि पिशव्या खुंटीवरून काढून आणायचं काम दादांनी कुणी न सांगता घेतलं. घामाने त्यांचा सदरा भिजला, तरी ते बसले नाहीत. एक आख्खी दुपार त्या दोघांमध्ये आकड्यांशिवाय एक शब्द झाला नाही. मंडळी आली, त्यांनी उरलेली ओळ पुढे न्यायला होकार दिला. गेलेल्या ओळीबद्दल कुणाला काही विचारायचं नव्हतं. ती फक्त खरातांना माहीत होती.

मग साहेबांनी मला बोलावलं आणि ही उघडी घरं आजच्या आज बंद करा म्हणाले. आता यात माझी कारागिरी काय, तर फार नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, तिचा अर्थ इतकाच की ज्याच्या नावाचं घर, त्यालाच आत प्रवेश. दुसरी ओळ अशी की इतरांना शेजारच्या घरांची नुसती नावंसुद्धा दिसू नयेत. पण तेवढ्याने भागत नाही. आत आधीपासून पडलेल्या फाइलींवर जुने हक्क तसेच राहतात. दार लावलं तरी खिडक्या उघड्या, असा तो प्रकार. म्हणून एकेका घरात जाऊन प्रत्येक फाइलचा हक्क मालकाच्या नावावर करावा लागतो. जे खरंच सगळ्यांचं आहे, त्याच्यासाठी वेगळी सामाईक जागा काढून द्यावी लागते. नवीन माणूस आला की त्याचं घर बंद दारानेच जन्माला यावं, अशी सोय करावी लागते. इंजिनिअर हे सगळं करून गेला असता तर त्याची गाडी चुकली असती, एवढंच.

ते काम करताना मी त्या गल्लीतून शेवटची हिंडले. कुणाच्या घरात कुणाचा नातू, कुणाच्या घरात कुणाची अष्टविनायकाची सहल. बैल तर घरोघरी उभा होता. मी काही काढलं नाही. फक्त एकेक दार ओढून घेत पुढे गेले. मला फार वाईट वाटलं. बरोबर काम करतानाही वाईट वाटू शकतं, हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसने मला सोलून काढलं. "काय ताई, आम्ही चोर का?" "आमच्या घरात आम्हालाच जाता येईना, तुमच्या कडीची चावी हरवली वाटतं!" ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. पासवर्ड विसरलेल्यांची रांग माझ्या दारात लागली आणि सगळ्यांनी नवा पासवर्ड आपापल्या कुलदैवताचा ठेवला, म्हणजे सगळ्या ऑफिसला तो माहीतच होता. मी एकेकाला बसवून बदलायला लावला.

दादा आठवडाभराने आले. खरात त्यांच्याशी अजून बोलत नव्हते. दादांनी गावच्या शाळेचा एक जुना फोटो कुठून तरी मिळवून स्कॅन केला होता आणि तो खरातांच्या घरात ठेवायला गेले होते. पडद्यावर आलं, प्रवेश नाही.

"ताई, सुदामनं मला दार लावलं," ते म्हणाले. डोळे भरलेले.

"दादा, त्यांनी नाही हो लावलं. मी लावलंय, सगळ्यांनाच."

"मंग माझं एकट्याचं नाव घाल ना त्याच्या घरावर. एवढं न्हाई व्हायचं तुझ्याच्यानं?"

होण्यासारखं होतं. त्या ओळीत एक नाव वाढवायचं, चहा गार व्हायच्या आत झालं असतं. त्यांच्याकडे बघून माझा हात पुढे गेलाही. पण मी म्हटलं, "घर त्यांचं आहे, दादा. त्यांनी हो म्हटलं तर घालते. तुम्ही विचारा."

"इचारू?" दादांना हा शब्द कळेचना. हसनाबादच्या दाभाड्यांना कुणाच्या घरात जायला विचारायची वेळ कधी आली नसावी. शेवटी म्हणाले, "तू पण चल."

खरातांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दार उघडंच होतं. दादा सरळ आत जाणार, तो त्यांचे पाय काय झालं कोण जाणे, बाहेरच थांबले. मी त्यांच्या मागे.

"सुदाम, त्या कॉम्प्युटरमधल्या तुझ्या घरात मी येत जाऊ का? ताई म्हनती, तू हो म्हनलं पाह्यजे."

खरातांनी चष्मा काढला. तो पुसून परत घातला. मग शांतपणे बोलले.

"दादा, तुमच्या घरचं कोनी आमच्या बौद्धवाड्यात यायचं, तर हाका मारत मारत थेट आत. माय चुलीपाशी असो, न्हाणीत असो. कधी कोनी इचारलं न्हाई. अन् तुमच्या वसरीच्या पुढं आम्ही कधी आल्तो का? तुम्हीच सांगा."

दादांची मान खाली गेली. "न्हाई."

"या मशीनमंधी मी तुमच्या घरात जायचो, तेव्हा मला लई बरं वाटायचं. खोटं न्हाई सांगत. वाटायचं, हितं तरी बरोबरी हाय. मंग तुम्ही माझ्या घरात आले अन् सामान हलवून गेले. चांगल्या मनानं हलवलं, मला माहीत हाय. पन इचारलं न्हाई. तुम्हाला इचारावं वाटलंच न्हाई."

व्हरांड्यात ऊन होतं. दादा त्या उन्हात उभे. मला वाटलं, आता हे रागावतील, किंवा रडतील, किंवा हसून काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. पाऊल होतं तिथेच ठेवून म्हणाले, "मंग आता इचारतो. येऊ का?"

खरातांनी शेजारची खुर्ची ओढली. "या."

संध्याकाळी खरात माझ्या थंड खोलीत आले. मी सेटिंग उघडूनच बसले होते. "घालू का दादांचं नाव?"

"नका घालू, मॅडम."

"का? अजून राग आहे?"

"राग नाही. पण नाव घातलं की पुन्हा विचारायचं काम उरत नाही." मग म्हणाले, "त्यांना रोज विचारू द्या. मी रोज हो म्हणीन."

मी ती फाइल तशीच बंद केली. पुढे किती सर्व्हर बदलले, किती घरं नव्याने काढली, पण घराचा मालक सोडून दुसरं नाव मी कधीही त्याला न विचारता घातलं नाही. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत.

दादा निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीत त्या खोलीकडे जायचे. दोघं एकाच पडद्यासमोर बसून ती उरलेली ओळ कशी वाढते आहे ते बघायचे. माझी जागा तिथून दिसायची. दार सताड उघडं असायचं, तरी दादा बाहेर थांबायचे, आणि आतून "या" आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. ऑफिसातल्या त्या खोलीत शिरताना कुणी चपला काढत नसे. दादा काढायचे.